हार्वेस्टरांच्या गावी: पट्टा घ्यावा की बिनपट्ट्याचे यंत्र?



दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनचे रान पिवळे पडू लागले की आपल्या मराठवाड्यातल्या रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसते. पुढे सावकाश चालणारे अवजड हार्वेस्टर, त्यामागे ट्रॉलीवर आडवे टाकलेले त्याचे कापणीचे तोंड, आणि सगळ्यांत मागे एखादा ट्रक. ट्रकात गाद्या, स्टोव्ह, पिठाचे डबे आणि सुट्या भागांची पेटी. नंबराच्या पाटीवर 'पीबी' ही अक्षरे. हा तांडा दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवून आलेला असतो. आपण एकरी दर ठरवतो, चहा पाजतो, रास पोत्यांत भरून घेतो आणि यंत्र पुढच्या गावाला जाते. ते कोणत्या गावाहून आले, हे विचारायला सुगीत सवड कोणाला असते?

मी ते गाव पाहून आलो. गावाचे नाव भादसों, जिल्हा पतियाळा, राज्य पंजाब.

जाण्याचे निमित्त असे झाले की आमच्या तालुक्यातल्या तिघा तरुणांनी मिळून हार्वेस्टर घ्यायचे ठरवले. यंत्राची किंमत वीस-पंचवीस लाखांच्या घरात. थोडी रक्कम घरची, थोडे अनुदान आणि बाकी सगळे बँकेचे कर्ज. तिघांच्याही सातबाऱ्यावर बोजा चढणार होता. त्यांच्यात एकाच गोष्टीवरून वाद पेटला होता. एकजण म्हणे, पट्ट्यावर चालणारे जुन्या पद्धतीचे यंत्र आता कोण घेतो, गिअर नसलेले, सलग गती देणारे 'सीव्हीटी' प्रकारचे घ्यावे. दुसरा म्हणे, पट्टाच बरा, तुटला तर गावात बसवता येतो. तिसरा गप्प होता, कारण त्याच्या आईने कर्जाला अजून होकार दिला नव्हता. पंचायत समितीतला विस्तार अधिकारी म्हणून ते माझ्याकडे आले. "साहेब, तुम्हीच सांगा," म्हणाले. मी म्हटले, पुस्तकातले सांगण्यापेक्षा जिथे ही यंत्रे जन्मतात आणि दुरुस्त होतात तिथेच जाऊन विचारू.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस सकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर अंबाल्याला सोडते. या गाडीने जायचे असेल तर एक ताट आणि एक वाटी बरोबर ठेवा. वाटेत काही स्थानकांवर लंगरचे जेवण डब्यापाशी आणून वाढतात, पैसे घेत नाहीत, पण भांडे आपले लागते. हजूर साहेबांचे दर्शन करून परतणारी पंजाबी मंडळी डब्यात भरलेली होती. त्यांतल्या दोघांनी आमच्याच भागात हार्वेस्टर चालवले होते. 'बांध', 'काडी', 'पोते' हे शब्द त्यांना पाठ होते, आणि कोणत्या गावात एकराचे पैसे वेळेवर मिळतात हेसुद्धा.

अंबाल्याहून बसने पतियाळा, तिथून पंचवीसेक किलोमीटरवर नाभा. हे जुन्या संस्थानाचे गाव. नाभ्याहून भादसोंला जाणारा रस्ता गव्हाच्या रानांतून जातो. फेब्रुवारीचा महिना होता. गहू गुडघ्याच्या वर आलेला, मधूनच मोहरीचा पिवळा पट्टा, आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. आपल्यासारखे उंच-सखल रान नाही, दगड नाही, एका मापाने आखल्यासारखे चौकोनी तुकडे. हे रान लक्षात ठेवा, कारण ज्या यंत्राबद्दल मी सांगणार आहे ते या रानाच्या मापाने बेतलेले आहे आणि आपण ते आपल्या रानात चालवतो.

भादसों जवळ आले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हार्वेस्टर दिसू लागतात. काही कोरी, रंगाचा वास येणारी. काही पार उघडी-नागडी, पत्रे काढून ठेवलेली. फेब्रुवारीत ही गर्दी असतेच. मध्य प्रदेशचा गहू मार्चमध्ये कापणीला येतो, त्यासाठी यंत्रे निघायच्या तयारीत असतात. तिकडचे आटोपून वैशाखीला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, स्वतःच्या पंजाबातल्या गव्हावर परत यायचे असते. त्यामुळे वेल्डिंगच्या ठिणग्या, लेथचा आवाज आणि हातोडे यांत माणसांचे बोलणे ऐकू येत नव्हते.

हा धंदा इथेच का वाढला, हे तिथे उभे राहिले की समजते. तासाभराच्या अंतरावर मंडी गोबिंदगढ आहे, जिथे लोखंड वितळवून त्याच्या पट्ट्या आणि अँगल ओढतात. लुधियानात यंत्रभागांचे कारखाने आणि पंजाब कृषी विद्यापीठ. आणि भोवती हरितक्रांतीनंतरचा गहू, जो पंधरा-वीस दिवसांत काढलाच पाहिजे आणि ज्याला मजूर पुरत नाहीत. १९८० मध्ये मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सने 'स्वराज' नावाचे स्वयंचलित कंबाईन हार्वेस्टर बाजारात आणले. पुढे नाभा, भादसों, बरनाला, मालेरकोटला या पट्ट्यात छोट्या-मोठ्या कारखानदारांनी आपापली यंत्रे बनवली. ट्रकचे इंजिन, गोबिंदगढचा पत्रा, लुधियानाचे गिअर आणि मिस्त्रीचा हात. युरोपातल्या यंत्रांचा नमुना पुढे होता, पण इथल्या लोकांनी तो आपल्या रस्त्याला, आपल्या डिझेलला आणि आपल्या ड्रायव्हरला झेपेल असा केला.

आम्ही ज्या वर्कशॉपमध्ये बसलो तिथले मिस्त्री साठी उलटलेले सरदारजी होते. त्यांनी पोरांचा प्रश्न ऐकून घेतला, हात पुसले आणि एका हार्वेस्टरच्या बाजूचा पत्रा उघडला. आत डझनावर पट्टे. काही बोटाएवढे अरुंद, काही दोन-दोन तीन-तीन जोडीने धावणारे, आणि दोन चांगले तळव्याएवढे रुंद, आतून दाते पाडलेले. "यातला कोणता पट्टा काय करतो ते आधी समजून घ्या, मग जुना-नवा म्हणा," असे त्यांचे म्हणणे. पुढचा तास त्यांनी आम्हाला वर्गात बसवल्यासारखे शिकवले. त्यात माझ्या शिक्षणाची जी भर पडली तीही इथे एकत्रच सांगतो.

ट्रॅक्टरने नांगरताना जड जमीन लागली तर ड्रायव्हर गिअर बदलतो किंवा ॲक्सिलरेटर कमी-जास्त करतो. हार्वेस्टरमध्ये तसे करता येत नाही. तिथे एकच इंजिन चार कामे करते: चाके चालवते, पीक कापते, ड्रममध्ये मळते आणि चाळण्या व पंख्याने उफणते. मळणी आणि उफणणी ठरलेल्या वेगाने चालली तरच दाणा स्वच्छ निघतो. समजा दाट पीक आले म्हणून ड्रायव्हरने इंजिनाचे फेरे पाचव्या हिश्श्याने कमी केले. ड्रम तेवढा मंदावतो, चाळणीचा झटका तेवढा कमी होतो, आणि पंख्याच्या वाऱ्याचा दाब तर फेऱ्यांच्या वर्गाने उतरत असल्याने शंभराचा चौसष्टवर येतो. मग भुसा दाण्यात राहतो आणि न मळलेली शेंग मागून बाहेर पडते. तेव्हा नियम असा की इंजिन एका ठरलेल्या फेऱ्यांवर बांधून ठेवायचे आणि फक्त चालण्याचा वेग कमी-जास्त करायचा. दाट पिकात ताशी दोन किलोमीटर, विरळ पिकात चार-पाच, आणि तोही चालता चालता, न थांबता बदलता आला पाहिजे.

त्यासाठी तो रुंद पट्टा. त्याच्या दोन्ही टोकांच्या पुल्या दोन-दोन थाळ्यांच्या असतात. ड्रायव्हरने दांडी ओढली की तेलाच्या दाबाने एका पुलीच्या थाळ्या जवळ येतात आणि पट्टा तिच्या बाहेरच्या कडेकडे चढतो. दुसऱ्या पुलीच्या थाळ्या स्प्रिंगविरुद्ध फाकतात आणि तिथे पट्टा आत उतरतो. पुलीचे माप चालता चालता बदलले, म्हणजे वेगही बदलला, तोही पायऱ्यांनी नव्हे तर सलग. याला व्हेरिएटर म्हणतात. मागे तीन पुढचे आणि एक मागचा गिअर असतो, आणि प्रत्येक गिअरच्या पोटात हा पट्टा वेगाची सलग पट्टी देतो.

आता तुमच्या अंगणाकडे बघा. मुलगी ज्या ॲक्टिव्हावरून कॉलेजला जाते तिला गिअर का नाहीत? डाव्या बाजूचे झाकण मिस्त्रीने उघडले की आत हाच रुंद रबरी पट्टा आणि फाकणाऱ्या थाळ्यांच्या पुल्या दिसतील. आपल्याकडे १९८४ साली किनेटिक होंडा आली तेव्हा लोकांनी या पट्ट्याचे नवल केले होते. त्याच्याही आधी १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीने मोटारीत असा पट्टा बसवला होता. फरक इतकाच की स्कूटरमध्ये थाळ्या फेऱ्यांच्या जोराने आपोआप सरकतात, हार्वेस्टरमध्ये त्या ड्रायव्हर सरकवतो.

म्हणजे पोरांचा वादच मुळात चुकीच्या ठिकाणी सुरू झाला होता. 'सीव्हीटी' या इंग्रजी अक्षरांचा अर्थ सलग बदलणारी गती एवढाच आहे. व्हेरिएटरचा पट्टा ही त्याच जातीची वस्तू. पट्टा विरुद्ध सीव्हीटी असा सामना नाही. सलग गती रबराने मिळवायची, तेलाने मिळवायची, की तेल आणि दातेरी चाके यांच्या मेळाने मिळवायची, एवढाच प्रश्न आहे. हे ऐकून आमचा पहिला तरुण जरा खट्टू झाला. त्याने मोबाईलवर बरेच पाहिले होते.

तेलाचा प्रकार म्हणजे हायड्रोस्टॅटिक. यात इंजिन एक पंप फिरवते. पंपाच्या आत तिरकी थाळी असते. तिचा कल वाढवला की तेल जास्त सुटते, सरळ केली की थांबते, उलटी कलवली की तेल उलट वाहते. ते तेल मोटर फिरवते आणि मोटर चाके. एकाच दांडीने पुढे, मागे, जलद, सावकाश. काम करताना क्लचवर पाय लागत नाही. चिखलातल्या भातासाठी रबरी साखळीपट्ट्यावर चालणारी जी जपानी बनावटीची छोटी यंत्रे येतात त्यांत ही सोय असते. परदेशातल्या मोठ्या हार्वेस्टरांचीही चाके बहुतेक तेलावरच चालतात.

तिसरा प्रकार दोन्हींच्या मेळाचा. इंजिनाच्या शक्तीचे दोन वाटे करतात. एक थेट दातेरी चाकांतून जातो, दुसरा तेलाच्या पंप-मोटरमधून, आणि पुढे एका खास गिअरमध्ये दोन्ही एकत्र येतात. तेलाचा वाटा कमी-जास्त केला की एकूण गती सलग बदलते. जर्मनीच्या फेन्टने १९९५ मध्ये हे ट्रॅक्टरमध्ये आणून दाखवले. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला केस कंपनीने आपल्या मोठ्या हार्वेस्टरच्या मळणीच्या रोटरला असा गिअरबॉक्स लावला आणि तिथला पट्टा काढून टाकला. त्याच देशात जॉन डिअरने मात्र आपल्या रोटरला रुंद पट्ट्याचा व्हेरिएटरच ठेवला आणि जोर वाढेल तसा पट्टा आपोआप घट्ट आवळला जाईल अशी पुली दिली. तिकडच्या शेतकऱ्यांतही कोणते बरे यावर आपल्या पोरांसारखेच वाद होतात. ती यंत्रे तीनशे, चारशे, पाचशे अश्वशक्तीची. मक्याच्या हजारो एकरांच्या रानांत चालणारी. रोटर तुंबला तर केसचा गिअरबॉक्स त्याला शक्तीने उलटा फिरवून गोळा बाहेर काढतो, ही मोठीच सोय आहे. आपण भाड्याने बोलावतो ते यंत्र शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे आणि चौदा फुटी तोंडाचे. तिकडचा वाद जसाच्या तसा इकडे आणून चालणार नाही.

आता नफ्या-तोट्याचे बोलू.

चांगला ताणलेला पट्टा इंजिनाची शक्ती शंभरातली नव्वदहून अधिक पुढे पोचवतो. तेलाच्या पंप-मोटरमधून जाताना ती ऐंशीच्या आसपास उरते, बाकीची उष्णता होते. ही उष्णता काढायला तेलाचा रेडिएटर लागतो, आणि हार्वेस्टरवर रेडिएटर भुशाने बुजतोच. पंपातले भाग केसाएवढ्या फटीवर बसवलेले असतात, त्यात बारीक धूळ गेली की ओरखडे पडतात. मिस्त्रींनी सांगितले की पंप बिघडला तर ते स्वतः त्याला हात लावत नाहीत, कंपनीचा माणूस येईपर्यंत यंत्र उभे राहते आणि खर्च लाखाच्या घरात जातो. पट्टा तुटला तर काही हजारांचा नवा, आणि पान्हे असलेली दोन माणसे बांधावर तासा-दोन तासांत बसवतात. सोयाबीन काढून पावसाच्या तोंडाशी उभे असलेल्या शेतकऱ्याला या दोन तासांची किंमत सांगायला नको.

पट्ट्याचा आणखी एक गुण आहे, जो मला फार मोलाचा वाटतो. ओल्या काडीचा गोळा किंवा दगड ड्रममध्ये गेला तर पट्टा घसरतो, चरचरतो, फार झाले तर जळतो. पण आतला दांडा, बेअरिंग आणि गिअर वाचतात. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखेच. पण घसरणारा पट्टा तापतो, आणि भोवती कोरडा भुसा असतो. हार्वेस्टरला लागणाऱ्या आगींचे हे एक ठरलेले कारण. तेव्हा पट्ट्याचे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याने रोज संध्याकाळी भुसा झाडला पाहिजे आणि आग विझवायचे नळकांडे ड्रायव्हरच्या हाताशी ठेवले पाहिजे. ड्रम तुंबला तर इंजिन पूर्ण बंद करून, किल्ली स्वतःच्या खिशात घालूनच हात आत घालायचा. भगिनींनो, घरातला मुलगा हार्वेस्टरवर हेल्पर म्हणून जात असेल तर हे वाक्य त्याच्याकडून म्हणून घ्या.

तेलाच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे, आणि ती आपल्या रानात जास्त खरी आहे. चौदा फुटांचे तोंड ताशी तीन किलोमीटरने चालले तर कागदावर तासाला तीन एकरांहून थोडे जास्त काम होते. पण आपला एक एकराचा तुकडा, समजा चाळीस मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब, त्यात दहा ओळी म्हणजे दहा वळणे. प्रत्येक वळणाला क्लच, मागचा गिअर, पुन्हा क्लच, पुढचा गिअर. नाभ्याच्या सपाट चौकोनात ड्रायव्हरचा पाय क्लचवर जितक्या वेळा जातो त्याच्या कितीतरी पट आपल्याकडे जातो. क्लचप्लेटा आपल्याकडे लवकर जातात त्या यामुळे. हायड्रोस्टॅटिकमध्ये हा त्रास नाही. गाव जवळ, सर्व्हिस सेंटर जवळ आणि रान तुकड्या-तुकड्यांचे असेल, तर तेलाचे यंत्र कोणी घेतले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

दुपारी मिस्त्रींच्या घरून मक्याची रोटी, सरसोंचा साग आणि वर लोण्याचा गोळा आला. जेवताना बोलणे एका वेगळ्याच वळणाला गेले. आमच्या दुसऱ्या तरुणाने तक्रार केली की हार्वेस्टरने काढलेले सोयाबीन पुढच्या वर्षी बियाण्याला चालत नाही, उगवतच नाही. मिस्त्री म्हणाले, "पाजी, चालीचा पट्टा तुम्ही तासभर विचारलात, ड्रमचा पट्टा कोणी विचारलाच नाही."

वाचकहो, एवढ्या लांब जाण्याचे खरे चीज इथे झाले. तो दुसरा रुंद पट्टा ड्रमचा. ड्रमचे फेरेही व्हेरिएटरनेच कमी-जास्त होतात, किंवा काही यंत्रांत पुली बदलून. गव्हाला ड्रम हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवतात. ड्रमचा व्यास साठ सेंटीमीटर धरला तर हजार फेऱ्यांना त्याची कड ताशी एकशे तेरा किलोमीटरने धावते. गव्हाचा दाणा हा फटका सोसतो. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ, आणि अंकुर सालीखाली अगदी कडेला बसलेला. त्याला या वेगाने मारले की दाणा फुटतो, आणि न फुटलेल्यातही बारीक तडे जातात जे डोळ्यांना दिसत नाहीत. पाचशे फेऱ्यांना तोच वेग छप्पन्न किलोमीटरवर येतो. बियाण्याच्या मळणीसाठी आम्ही थ्रेशरला तेरा टक्के ओलाव्याला तीनशे ते चारशे फेरे आणि चौदा टक्क्यांना चारशे ते पाचशे फेरे सांगतो, ते याचसाठी. हार्वेस्टरचा ड्रम अनेकदा पाचशेच्या खाली उतरतच नाही, कारण तो गव्हासाठी बेतलेला असतो. त्यासाठी वेगळ्या मापाची पुली लागते. ती मिळते, पण मागितली तरच.

इथे चालीचा पट्टा आणि ड्रमचा पट्टा यांची गाठ पडते. ड्रायव्हरला एकरावर पैसे. चालीचा पट्टा झिजून अरुंद झाला की तो पुलीत खोल बसतो आणि वेगाची पट्टी आखडते. हवा तो वेग एका गिअरमध्ये मिळेना की ड्रायव्हर वरचा गिअर टाकून जलद चालवतो. पीक जास्त आत येते, ड्रम तुंबू लागतो, म्हणून तो ड्रमचे फेरे वाढवतो. यंत्र सुरळीत चालते, एकर उरकते, आणि तुमचे बियाणे मरते. मालकाला यातले काही कळत नाही. जूनमध्ये पेरल्यावर कळते, तोवर 'पीबी'ची पाटी दुसऱ्या राज्यात असते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण निदान सत्तर टक्के लागते. घरचे बियाणे त्याखाली गेले तर दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या गळ्यात, हे तुम्ही जाणता.

म्हणून पुढच्या सुगीत हार्वेस्टर रानात आले की पहिल्या ओळीनंतर ते थांबवा. टाकीतून मूठभर दाणे घ्या, शंभर मोजा आणि फुटलेले व साल सुटलेले वेगळे काढा. चांगले दिसणारे शंभर दाणे पाच-दहा मिनिटे पाण्यात टाका. ज्यांची साल तडकली आहे ते इतरांच्या आधी फुगतात. नुकसान जास्त दिसले तर ड्रायव्हरला ड्रमचे फेरे कमी करायला सांगा आणि चाल हळू करायला सांगा. तो कुरकुरेल. एकरी चार पैसे जास्त द्या. बियाण्यापुरता तुकडा तर थ्रेशरवरच संथ मळलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि पेरणीपूर्वी घरच्या बायकांनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजावी. दर एप्रिल-मेमध्ये आम्ही हे सांगतो, आणि करणारी घरे अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

दुसऱ्या दिवशी गोबिंदगढ आणि सरहिंदकडे एक चक्कर झाली. सरहिंद म्हणजे जिथे १७५८ मध्ये राघोबादादांबरोबरच्या मराठी फौजा पोचल्या होत्या ते. पोरांना तो इतिहास सांगावा म्हटले, पण त्यांचे डोळे रस्त्याकडेच्या यंत्रांवर होते. संध्याकाळी भादसोंला परतून त्यांनी निर्णय केला. चाकांचे, पट्ट्याच्या व्हेरिएटरचे यंत्र घ्यायचे. कारण आपल्या तालुक्यापासून हायड्रोस्टॅटिक पंप दुरुस्त करणारा माणूस किती लांब आहे, याचे उत्तर तिघांनाही ठाऊक होते. तेलाच्या यंत्राचा हट्ट धरणाऱ्या पहिल्याने आणखी एक अट घातली, आणि ती मला फार आवडली: ड्रम बसल्या जागेवरून कमी-जास्त करता आला पाहिजे, आणि सोयाबीनसाठी कमी फेऱ्यांची पुली यंत्रासोबतच मिळाली पाहिजे. कारखानदाराने थोडी घासाघीस करून ती मान्य केली. तिसऱ्याने आईला फोन लावला. ती म्हणाली, "पुली लिहून घे पावतीवर." मग इसार दिला गेला.

जास्तीचे पट्टे घ्यायला दुकानात गेलो. दुकानदाराने फळीवरून जो रुंद दातेरी पट्टा काढून दिला त्यावर 'पिक्स' असे नाव होते. ही कंपनी आपल्या नागपूरच्या हिंगणा भागातली, शेतीयंत्रांचे पट्टे बनवणारी. पोरे हसायला लागली. दुकानदाराला हसण्याचे कारण कळेना, ते त्याला समजावून सांगितले, तेव्हा त्याने चहा मागवला. चालीचे दोन, ड्रमचा एक आणि पंख्याचा एक असे पट्टे घेतले. पट्टा दुमडून, वर वजन ठेवून ठेवू नका, उन्हात आणि डिझेलच्या डब्याजवळ ठेवू नका, असे मिस्त्रींनी दोनदा बजावले. मग त्यांनी नव्या यंत्राचा बाजूचा पत्रा उघडला आणि प्रत्येक पट्ट्यासमोर खडूने गुरुमुखीत त्याचे नाव आणि माप लिहिले. तिसरा तरुण, जो सगळ्यांत कमी बोलला होता, तो खडू घेऊन त्याखाली तेच मराठीत लिहीत गेला.